आज पेटी कशी होती?

तिला लॅबमध्ये सगळे पेटीबाई म्हणतात. पाठीमागे नाही, चक्क तोंडावर, आणि ती ओ देते. खरं नाव कुणाला आठवत असेल तर ते पगार काढणाऱ्या क्लार्कला. उंचीने इतकी बुटकी की पेटीसमोर उभं राहायला तिने सुताराकडून खास एक लाकडी पायरी करून घेतलीय. आवाज मात्र असा खणखणीत की कॉरिडॉरच्या त्या टोकाला कुणी चुकीच्या दाराला हात लावला तर या टोकाहून "हात मागे!" ऐकू येतं आणि हात खरंच मागे जातो.

आता ही पेटी म्हणजे काय ते आधीच सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचा सगळा घोटाळा कळायचाच नाही. पेटी म्हणजे स्टीलचं एक मोठं बंद कपाट. पुढे तिरकी काच, आणि काचेतून बाहेर आलेले दोन लांब काळे रबरी हातमोजे. आत हवा असते, पण आपली नाही. आत आर्गॉन नावाचा गॅस भरलेला, जो कुणाच्या अध्यात नाही आणि मध्यात नाही. प्राणवायू आणि ओलावा या दोघांना आत सक्त बंदी, कारण आत ठेवलेल्या वस्तू भयंकर हळव्या. आपल्या हवेचा नुसता वारा लागला तरी काळ्या पडतात आणि काही तर थेट पेट घेतात. म्हणजे काही पेटू नये म्हणून पेटी! आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, त्यामुळे ते दोन्ही हातमोजे फुगून सरळ आपल्याकडे बाहेर येतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, आतून कुणीतरी "मला उचलून घे ना" म्हणतंय.

त्या हातमोज्यांत आपले हात घालायचे आणि काचेतून बघत आतलं काम करायचं. ऐकायला सोपं आहे. पण पेटीबाईचे नियम ऐकलेत तर घरी जाऊन झोपावंसं वाटेल. हात हळू घालायचे, हळू काढायचे, आतमध्ये गरबा खेळल्यासारखे फिरवायचे नाहीत. टोकदार, धारदार काही नागडं न्यायचं नाही. वस्तू आत न्यायची तर बाजूच्या आडव्या नळ्यातून, ज्याला दोन दारं आहेत आणि ज्याला लॅबमध्ये सगळे ओसरी म्हणतात. आधी ओसरीत ठेवा, बाहेरचं दार लावा, आतली हवा पंपाने ओढून काढा, आर्गॉन भरा, परत ओढा, परत भरा, परत एकदा, आणि मगच आतलं दार. दोन्ही दारं एकदम उघडी? विचारसुद्धा करायचा नाही. रिकाम्या बाटलीचं झाकण सैल हवं, नाहीतर हवा ओढली की ते फटकन उडतं. हे एका संशोधकाने करून दाखवलंय, ज्याला पेटीबाई धूमकेतू म्हणते, कारण तो कधी येतो, कधी जातो आणि काय पेटवून जातो ते कळत नाही. आणि भिंतीवर एक वेगळा भोंगा आहे. तो वाजला म्हणजे आर्गॉन खोलीत सांडलाय आणि आपल्याच श्वासाची पंचाईत आहे. तेव्हा पेटी गेली खड्ड्यात, आधी सगळ्यांनी बाहेर.

आणि सगळ्यात वरचा नियम: अंगठी, घड्याळ, कडं, लांब नखं यांपैकी काहीही घेऊन हातमोज्यात हात घालायचा नाही. दाराशी एक वाटी ठेवलीय. दागिने वाटीत, मग हात पेटीत. एकदा कुणी बडे पाहुणे आले होते, बोटांत तीन अंगठ्या. म्हणाले, "अहो, दोनच मिनिटं." पेटीबाई म्हणाली, "रबर फाटायला दोन मिनिटं कशाला लागतात साहेब?" आणि वाटी पुढे केली, देवळाबाहेर चपला सांभाळणारीसारखी. साहेबांनी निमूट काढल्या.

ही अशी कडक जन्मतः नव्हती बरं का. नोकरीच्या सुरुवातीला ती गप्पिष्ट होती, हात पेटीत आणि तोंड बाहेर. एकदा गप्पांच्या नादात तिला वाटलं ओसरीतली हवा काढून झालीय, आणि तिने आतलं दार उघडलं. झालेली नव्हती. पेटीवर एक आकडा असतो, आत प्राणवायू किती शिरलाय ते सांगणारा, त्याला पीपीएम म्हणतात. तो जो सुटला तो पतंगासारखा. मॅडमनी, म्हणजे लॅबच्या मुख्य बाईंनी, कित्येक महिने खपून केलेला धातूचा चकचकीत थर डोळ्यांदेखत राखेच्या रंगाचा झाला. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या स्टुलावर बसल्या आणि काचेतून आत बघत राहिल्या, बघतच राहिल्या. त्या दिवसापासून पेटीबाईचं एक वाक्य ठरलं, "पेटीत हात असताना मी कुणाची कुणी नाही."

मग हे खूळ घरापर्यंत आलं. फ्रिज आणि कपाट एकाच वेळी उघडं ठेवत नाही. घराचं बाहेरचं दार लागल्याशिवाय आतल्या खोलीचं उघडत नाही. बरणीचं झाकण नवऱ्याने गच्च लावलं की त्याच्याकडे असं बघते की तो बिचारा उगाच सैल करून ठेवतो आणि मग सगळ्यात मुंग्या. नवरा स्वभावाने गरीब गाय. भांडण दिसलं की रस्ता बदलणारा.

आणि घरात तिसरे बाबा. सासरे.

बाबा म्हणजे जुने पेटीवादक, दुसऱ्या पेटीचे, वाजवायच्या. फिरत्या नाटक कंपनीत उभा जन्म गेला, पायाने भाता मारायच्या पायपेटीवर. आता बोटं आखडली, वाजवणं सुटलं. पेटी खोलीच्या कोपऱ्यात गोधडी पांघरून बसलेली, रुसलेल्या आत्यासारखी. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात सूनबाईने हौसेने तिच्यावरची धूळ पुसायला घेतली तर बाबा केवढ्याने ओरडले, "आधी अंगठी काढ! पट्ट्यांना ओरखडे पडतात!" ती दचकली, अंगठी काढली, आणि मनात म्हणाली, वा, हा माणूस आपल्यातला आहे.

आणि खरंच, कुणाला खोटं वाटेल, पण त्या घरात तिचं सगळ्यात जास्त पटलं ते बाबांशी. कारण रोज संध्याकाळी ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच बाबा खुर्चीतून विचारायचे,

"काय सूनबाई, आज पेटी कशी होती?"

तिला पहिल्यांदा रडूच आलं होतं. अहो, माहेरी इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं! आईला वाटायचं ती काचेची भांडी विसळते. भाऊ म्हणायचा, कपाटात हात घालून उभं राहायचे पैसे देतात. आणि इथे हा म्हातारा माणूस रोज, न चुकता, चहाचा कप बाजूला ठेवून विचारतो.

"आज जरा दमट होती बाबा."

"असणारच. ओल्या हवेत पेटी बिघडतेच. मग?"

"मग काय, उपचार केले. गळती पण होती थोडी."

"भात्यातून असेल, बघ नीट. बाकी?"

"पीपीएम चढला होता, आणला खाली."

"प प म!" बाबा डोळे मिटून मान हलवायचे. "चढवून उतरवायचं म्हणजे कसब आहे हं. पंचमावरून मध्यमावर हलकेच यायला हवं, धपकन नाही."

तिला वाटायचं, बाबांची बोलायची पद्धतच अशी, कलाकार माणूस. ती म्हणायची, "हो ना बाबा, हलकेच. मी तर सगळ्यांना तेच सांगते."

एकदा ती पुढे म्हणाली, "आणि आर्गॉन संपत आलाय, सिलिंडर मागवायला हवा."

यावर बाबा खुर्चीत सरळच बसले. "ऑर्गन? ऑर्गनपण आहे तुमच्याकडे?"

"म्हणजे काय बाबा, त्याच्याशिवाय पेटीला अर्थच नाही."

बाबा भारावून गेले. त्या रात्री जेवताना मुलाला म्हणाले, "पोरी, तू नशीब काढलंस रे." त्याला म्हणाले की तिला म्हणाले ते कळलंच नाही. नवरा ताटात बघत राहिला, मान वरच करेना. तेव्हा तिला काही खटकलं नाही. माणूस सुखात असला की त्याला काही खटकत नाही.

फुटलं कसं, तर एका रविवारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि खाली अंगणात बाबा शेजारच्या काकांना सांगत होते, "आमची सूनबाई मोठ्या संस्थेत पेटी वाजवते. ऑर्गनसुद्धा आहे तिथं. घरी बिचारी बोट लावत नाही, दिवसभर वाजवून हात दमतात ना. पण मी वाट बघतोय. एक दिवस स्वतःहून बसेल माझ्या पेटीवर."

ओला टॉवेल तिच्या हातातून सुटला आणि थेट काकांच्या डोक्यावर.

खाली येऊन तिने नवऱ्याला न्हाणीघराशी गाठला. "तू बाबांना काय सांगितलंयस माझ्याबद्दल?"

"मी? खरं तेच." तो भिंतीला चिकटला. "लग्न ठरताना विचारलं, मुलगी काय करते. म्हटलं, पेटीवर असते. ते इतके खूश झाले गं! आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले. मला पुढचं वाक्य बोलवेचना."

"आणि इतके दिवस?"

"सांगणार होतो की. योग्य वेळ बघत होतो."

"अरे दगडा, गुडघ्यात मेंदू तुझा!"

त्याला शिव्या देऊन झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून एकटीच उभी राहिली. राग कुठल्या कुठे गेला होता. नुसतं रिकामं वाटत होतं, आतून हवा ओढून घेतल्यासारखं. म्हणजे ते रोजचं विचारणं तिच्यासाठी नव्हतंच. बाबा दुसऱ्याच कुणाला तरी विचारत होते, एका पेटी वाजवणाऱ्या सुनेला, जी या घरात आलीच नव्हती.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आज रविवार, पण काल कशी होती पेटी?"

सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. तोंड उघडलं. बाबांनी चहाचा कप बाजूला ठेवला, नेहमीसारखा, आणि पुढे झुकले.

"छान होती बाबा," ती म्हणाली.

झालं! आता दगड कोण आणि मेंदू कुणाचा गुडघ्यात, तुम्हीच ठरवा. पण एकदा खरं सांगितलं की उद्यापासून कोण विचारणार? आर्गॉनच्या सिलिंडरबद्दल कुठला सासरा चहा बाजूला ठेवतो?

तिने ते असंच कितीही दिवस रेटलं असतं, पण लॅबमध्ये घरच्या माणसांना बोलवायचा दिवस ठरला आणि मॅडमनी मोठ्या प्रेमाने स्वतः घरी फोन केला. फोन उचलला बाबांनी. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या सूनबाईंचा पेटीवरचा कार्यक्रम ठेवलाय. तुम्ही आलंच पाहिजे."

बाबांनी ठेवणीतला कोट काढला. दोनदा इस्त्री केली. दाढी केली, परत आरशात बघून परत केली. नवरा त्या सकाळी आजारी पडायच्या बेतात होता पण तिने त्याला दंडाला धरून नेलं.

वाटेत ती तीनदा म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं." तीनदा बाबा म्हणाले, "आता बोलू नकोस. कार्यक्रमाआधी कलाकाराने बोलू नये."

लॅबमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. बाबा पहिल्या रांगेत मधोमध बसले, मांडीवर हात, डोळे मिटून. मॅडमनी दोन शब्द सांगितले, टाळ्या झाल्या. पेटीबाई तिच्या लाकडी पायरीवर चढली. सूर काही ऐकू येईना. बाबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. समोर स्टीलचं कपाट आणि त्यातून त्यांच्याकडे झेपावणारे दोन काळे रबरी हात.

"पेटी कुठाय?" बाबांनी विचारलं. चांगल्या नाटकी आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.

"हीच बाबा."

"ही?"

"हीच."

"आणि ऑर्गन?"

"आर्गॉन. गॅस आहे तो. त्या सिलिंडरमध्ये."

बाबांनी सिलिंडरकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग मान वळवून मुलाला शोधायला लागले, तर तो धूमकेतूच्या पाठीमागे लपला होता.

"आणि प प म?" आता आवाज खाली आला होता.

पेटीबाईने काचेवरचा तो छोटा आकडा दाखवला. तिला डोळे वर करवेनात. खोलीत कुणाला काही कळत नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं सगळ्यांना कळत होतं.

बाबा उठले. ती समजली, संपलं, आता दाराबाहेर जाणार. पण कंपनीत जन्म काढलेला माणूस, भरल्या प्रेक्षागृहातून उठून जाणं रक्तातच नाही. ते कोटाची बाही मागे सारत पेटीकडे आले. घुश्शातच म्हणाले, "इतके महिने मी कशाबद्दल बोलत होतो ते हात घालून बघू तरी दे." आणि उजवा हात थेट हातमोज्याकडे नेला.

"हात मागे!"

हे तिच्या तोंडून आपोआप गेलं. बाबांचा हात हवेत थांबला. बोटात अंगठी होती. गेलेल्या सासूबाईंनी घातलेली, त्या दोघांच्या लग्नाच्या वेळची, जाड, वरचा खडा झिजून टोकदार झालेला.

मघाशी एवढा मोठा धक्का दिलाय, आणि आता चारचौघांत त्यांना अडवायचं? मागून मॅडमसुद्धा हळूच म्हणाल्या, "जाऊ दे गं, आजच्या दिवस." धूमकेतू तर म्हणाला, "दोनच मिनिटं." ती एकदा हो म्हणाली असती तर बाबा कदाचित विरघळले असते. पण तिला ते स्टूल दिसलं, आणि राखेच्या रंगाचा तो थर.

तिने वाटी उचलली आणि सासऱ्यांसमोर धरली. "अंगठी काढा बाबा. इथे मी कुणाची सून नाही."

"ही निघत नाही," बाबा म्हणाले. "ती गेल्यापासून काढलेली नाही. सून असून मला सांगतेस?"

"तुम्हीच सांगितलं होतंत मला. पहिल्या आठवड्यात. आधी अंगठी काढ, पट्ट्यांना ओरखडे पडतात."

बाबांनी स्वतःच्या बोटाकडे असं बघितलं जणू ते कुणा दुसऱ्याचं आहे. "च्यायला," ते पुटपुटले, "आणि मी स्वतः जन्मभर हीच घालून वाजवलं." आणि त्यांचं पोट हलायला लागलं, आधी पोट, मग खांदे, मग खो खो हसू बाहेर. त्यांनी खरंच अंगठी ओढून बघितली, फिरवली, फुंकर मारली. सांध्यापाशी अडली ती अडलीच.

"नाही निघत गं. तिने घातलीय, तीच काढेल. मग मी नुसतं बघू?"

पेटीबाईने खाली बघितलं. पेटीच्या पायथ्याशी दोन पेडल होती. डावं दाबलं की आतला गॅस थोडा ओढला जातो, दाब उतरतो. उजवं दाबलं की गॅस भरतो, दाब चढतो. वरखाली दोन्हीकडे मर्यादा बांधलेल्या, त्यापलीकडे कितीही दाबा, पेटी ऐकत नाही.

"पायात तर अंगठी नाही ना बाबा?"

बाबांनी खाली बघितलं. त्यांचा चेहरा जो उजळला, काय सांगू! "अरे, ही पायपेटी आहे होय! आधी नाही का सांगायचं!" खुर्ची ओढली, बूट काढला आणि उजव्या पेडलवर नाटकातल्या युद्धाच्या प्रवेशाला मारतात तसा दणकून भाता मारला.

हातमोजे टम्म फुगले, पेटी पिपीप करून ओरडायला लागली, पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी दोन आत्या उठून मागे पळाल्या.

"सूर लागला!" बाबा ओरडले.

"पाय काढा! बाबा, भाता नाही मारायचा, नुसता टेकवायचा. मी हात आत घातले की दाब चढतो, तेव्हा डावं. बाहेर काढताना उतरतो, तेव्हा उजवं. माझ्या हातांकडे बघा."

"म्हणजे साथ करायची," बाबा म्हणाले. "असं बोल ना मराठीत."

दुसऱ्यांदा बरं जमलं. तिसऱ्यांदा तिने हळूच हात आत सरकवले आणि दाबाचा काटा जागचा हललाच नाही. तिने वळून बघितलं. बाबांचे डोळे तिच्या कोपरांवर, पाय पेडलवर मोरपीस ठेवावं तसा. आतमध्ये तिने लिथियमचा एक काळवंडलेला तुकडा घेतला, प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच खरवडला आणि खालून लख्ख चांदी निघाली. ती तशीच राहिली, लख्ख. मग त्यातला छोटासा कण बंद कुपीत घालून ओसरीतून बाहेर आणला, कुपी उघडली, आणि सगळ्यांच्या देखत ती चांदी मलूल होत होत काळी पडली.

"हे असं होतं," ती लोकांना म्हणाली. "म्हणून एवढं सगळं जपायचं."

टाळ्या पडल्या. बाबांनी उठून वाकून नमस्कार केला, जणू त्यांनाच होत्या. पण घरी परत येताना ते बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत होते आणि अंगठी बोटात फिरवत होते. कार्यक्रमातलं हसू कार्यक्रमापुरतंच होतं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा घराच्या दारात उगाचच रेंगाळली. चपला काढायला एवढा वेळ कधी लागला नव्हता. आत बाबा खुर्चीत होते, हातात चहाचा कप. त्यांनी वर बघितलं. मग कपात बघितलं. ती मान खाली घालून स्वयंपाकघराकडे निघाली. कोपऱ्यातली गोधडी घडी घालून बाजूला ठेवलेली आहे आणि पेटी उघडी आहे, हे तिला तेव्हा दिसलंसुद्धा नाही.

मागे कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"काय गं, आज प प म किती?"

ती थांबली. "खाली आहे बाबा. शून्याच्या जवळ."

"आणि तो धूमकेतू? झाकण सैल करतो का आता?"

"कसला करतोय! आज परत—"

ती वळून त्यांच्या समोर येऊन बसली आणि सांगायला लागली, हातवारे करून. बाबा पुढे झुकून ऐकत होते आणि त्यांचा पाय जमिनीवर आपोआप डावं-उजवं करत होता. आतून नवरा धीर करून म्हणाला, "मला वाटतं, त्या ओसरीचं दार—"

"तू गप रे," बाबा म्हणाले. "तुला पेटीतलं काय कळतं?"